बाल्कनी, गच्ची साफ करायला क्लिनिंगवाले येणार आहेत? त्याआधी घरच्यांनी काय काय करून ठेवायचं

क्लिनिंगची टीम बुक केली की बरेच जण समजतात आपलं काम संपलं, आता ते येतील आणि करतील. घरातल्या खोल्यांना हे एकवेळ चालून जातं, पण बाल्कनी, ड्राय बाल्कनी, गच्ची यांना नाही चालत. मुंबईत तुमच्या बाल्कनीखाली कोणाची तरी बाल्कनी असते, तिच्याखाली अजून कोणाची, आणि सगळ्यात खाली पार्क केलेल्या गाड्या आणि येणारी जाणारी माणसं. वर ओतलेलं पाणी कुठेतरी उतरणारच. म्हणून माझं सांगणं असं की तयारी करताना आधी पाण्याचा विचार करा, ते कुठून येणार आणि कुठे जाणार, मग उंचीचा, म्हणजे खाली काय पडू शकतं, आणि सामानाचा नंबर सगळ्यात शेवटी. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं, सामान हलवण्यात अख्खा रविवार जातो आणि नाहणीची, म्हणजे पाणी जायच्या भोकावरची, जाळी उचलून बघायचं राहून जातं.

तारीख कधीची घ्यायची

मुंबईत बाल्कनी साफ करायचे दोन सीझन खरे. एक मे महिना, पावसाच्या आधी, आणि दुसरा पाऊस गेल्यावर दिवाळीच्या आधी. हवामान खात्याच्या सरासरीप्रमाणे मुंबईत मान्सून ११ जूनच्या सुमारास येतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास परत जातो, त्यामुळे ऑक्टोबरचा दुसरा आठवडा उजाडला की शेवाळ, काळे डाग, भिंतीवर आलेला पांढरा लोणा, सगळं एकदम दिसायला लागतं आणि नेमकं तेव्हाच दिवाळीसाठी सगळी मुंबई क्लिनिंग बुक करत असते. शक्य असेल तर दिवाळीच्या आधीचे दहा दिवस टाळा, टीम एका दिवसात चार घरं करत असते आणि घाईत बाल्कनीचं काम हमखास उरकलं जातं.

मे मधल्या क्लिनिंगचा हेतू वेगळा असतो, तेव्हा चकचकीत दिसण्यापेक्षा पाणी वाहायचे रस्ते मोकळे करणं महत्त्वाचं. पण मे-जूनमध्ये पाणीकपात लागू शकते हे डोक्यात ठेवा, २०२४ च्या जूनमध्ये मुंबईत १० टक्के कपात होती आणि अशा वेळी प्रेशर वॉशर लावून गॅलरी धुतली तर सोसायटीत भांडण ठरलेलं. अशा दिवसांत टीमला सरळ सांगायचं, बालदी आणि फडक्यावर काम करा, मशीन नको.

दिवसाची वेळ शक्यतो सकाळचीच घ्या. पश्चिमेला तोंड असलेल्या बाल्कनीवर दुपारनंतर ऊन येतं, लादी तापते, आणि तापलेल्या लादीवर केमिकल टाकलं की ते घासायच्या आधीच सुकून पांढरे ओघळ राहतात. ते नंतर काढायला दुप्पट मेहनत.

बुक करताना फोनवर काय विचारून घ्यायचं

नुसतं बाल्कनी क्लिनिंग म्हटलं की प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं चित्र असतं. कोणी फक्त लादी आणि रेलिंग धरतो, कोणी काचा, छतावरचा पंखा, बाहेरचा छज्जा पण धरतो. म्हणून बाल्कनीचे चार पाच फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवा, त्यात घाण लपवू नका, उलट कबुतरांची घाण असेल तर ती जवळून दिसेल असा फोटो द्या, कारण त्याचे बरेच जण वेगळे पैसे लावतात आणि ते दारात आल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. मग विचारा: किती माणसं येणार, किती तास लागतील, मशीन आणणार का, पाण्याचा पाईप आणि नळाला लागणारं कनेक्टर त्यांचं की तुमचं, केमिकल कुठलं वापरणार, शिडी आणणार का.

अजून एक, हे मी सगळ्यात वर ठेवेन. ग्रिलच्या बाहेर, छज्जावर किंवा फ्लॉवर बेडमध्ये उतरून साफ करणार का, आणि करणार तर सेफ्टी बेल्ट आणि तो अडकवायला पक्की जागा आहे का. नाही म्हणाले तर ते काम त्या दिवशी होणार नाही एवढंच, तुम्ही आग्रह करू नका. टीममधला मुलगा बेल्टशिवाय उतरायला तयार झाला तरी तुम्ही नाही म्हणायचं. लांब दांड्याच्या ब्रशने आतून जेवढं होतं तेवढंच पुरेसं आहे.

सोसायटी, वॉचमन आणि खालच्या मजल्यावरचे

बऱ्याच सोसायट्यांत बाहेरची कामं करायच्या वेळा ठरलेल्या असतात, दुपारी आवाजाचं काम बंद, रविवारी बंद, असं काहीतरी असतंच. आदल्या दिवशी सेक्रेटरींना नाहीतर मॅनेजरला विचारून घ्या, गेटवरच्या ॲपमध्ये टीमची एन्ट्री टाकून ठेवा, मशीन वर न्यायला कुठली लिफ्ट वापरायची ते विचारा. हे केलं नाही तर टीम गेटवर पाऊण तास उभी राहते आणि तो वेळ तुमच्याच कामातून जातो.

खालच्यांना सांगणं मात्र फॉर्मॅलिटी समजू नका. बिल्डिंगच्या ग्रुपवर मेसेज टाकलात तरी तुमच्या लायनीत खाली जे राहतात त्यांना वेगळा फोन करा किंवा बेल वाजवून सांगा, काकू, उद्या सकाळी दहा ते एक आमच्या गॅलरीचं धुणं आहे, कपडे आत घेता का, आणि खिडकी लावून घ्या जरा. विशेषतः ज्यांच्याकडे पापड, कुरडया, मिरच्या वाळत घातलेल्या असतात त्यांना, एप्रिल-मे मध्ये हे नक्की. त्यांची बाल्कनी उघडी असेल तर ताडपत्री किंवा जुनी चादर टाकायला मदत करा. तळमजल्याजवळ गाड्या लागत असतील तर वॉचमनला सांगून तेवढी जागा त्या वेळेपुरती मोकळी ठेवून घ्या.

नाहणी: इथे वेळ द्या

आता मुख्य काम, आणि हे किमान दोन दिवस आधी करायचं. बाल्कनीच्या कोपऱ्यात जी नाहणी आहे तिची जाळी उचला. मुंबईतल्या नाहणीत काय काय निघतं तर कुंड्यांची माती, सुकी पानं, कबुतराची पिसं, केसांचे गुंते, कपड्यांचे चिमटे, गेल्या दिवाळीच्या रांगोळीची पूड. हातात ग्लव्हज घालून सगळं वर काढा आणि पिशवीत भरा, आत ढकलू नका. मग बालदीभर पाणी एकदम ओता आणि बघा. पाणी भर्रकन गेलं तर ठीक. गोल गोल फिरत हळूहळू गेलं किंवा तुंबलं तर क्लिनिंगच्या आधी प्लंबर बोलवा, क्लिनिंगवाले पाईप मोकळा करत नाहीत आणि करायला गेले तर वायर आत अडकवून ठेवतात. ॲसिड ओतून पाईप मोकळा करायचा प्रयत्न तर कोणीच करू नये, जुन्या बिल्डिंगांचे बिडाचे पाईप आधीच गंजलेले असतात.

दुसरं बघायचं ते उतार. बालदी ओतल्यावर पाणी नाहणीकडे जातंय की हॉलच्या दाराकडे येतंय? पुष्कळ फ्लॅटमध्ये लादीवर लादी बसवून बाल्कनी हॉलच्या लेव्हलला आणलेली असते आणि उंबरठा नावालाच उरलेला असतो. अशा घरात स्लायडिंग दाराच्या खालच्या पट्टीजवळ जुने टॉवेल गुंडाळून लावायचे, आतल्या बाजूला पण एक चादर, आणि टीमला दाखवून ठेवायचं की पाणी इकडे येतं. लाकडी फ्लोअरिंग असेल तर हे विसरलात तर फुगलेल्या फळ्या परत बसत नाहीत.

तिसरं, लादीच्या फटी बघा. दोन लाद्यांमधलं सिमेंट निघालेलं असेल, भिंत आणि लादी मिळते तिथे भेग असेल, तर खालच्यांच्या छताला आधीच ओल असण्याची शक्यता आहे. त्यांना विचारा. ओल असेल तर तिथे मशीनने पाणी मारायचं नाही, प्रेशरने उरलंसुरलं फिलिंग पण उडून जातं आणि वॉटरप्रूफिंगला पाणी लागतं. अशा बाल्कनीला ओला मॉप आणि ब्रश एवढंच. आधी फटी भरून घ्या, ते सुकू द्या, मशीनचं नंतर बघू.

पाणी येणार कुठून हे पण ठरवून ठेवा. बाल्कनीत नळ नसेल तर किचन किंवा बाथरूममधून पाईप आणावा लागतो, त्याची लांबी मोजून ठेवा, आणि पाईप घरातून ज्या रस्त्याने जाणार तिथलं सामान आणि गालिचे उचला. घरगुती प्रेशर मशीन मिनिटाला साधारण ५ ते ७ लिटर पाणी घेतं, म्हणजे तासभर सलग चाललं तर ३०० ते ४०० लिटर. सोसायटीचं पाणी ठराविक वेळीच सोडत असतील तर टीमची वेळ त्या हिशोबाने घ्या किंवा आदल्या रात्री पिंप भरून ठेवा.

कबुतरं

मुंबईतल्या बाल्कनीबद्दल लिहायचं आणि कबुतरांबद्दल नाही असं होऊच शकत नाही. जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने पालिकेला शहरातले ५१ कबुतरखाने बंद करायला सांगितलं आणि ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, तेव्हा या विषयावर घराघरात वाद झाले. वाद एका बाजूला ठेवा, तब्येतीचा मुद्दा खरा आहे. सुकलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं श्वासात जात राहिली तर काही लोकांच्या फुप्फुसांना सूज येते, त्याला डॉक्टर हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात, आणि लक्षात न आल्यास फुप्फुसं कायमची कडक होतात. त्यातून बुरशीची इन्फेक्शनं पण होऊ शकतात. घरात दम्याचा पेशंट, लहान बाळ, किंवा इम्युनिटी कमी झालेलं कोणी असेल तर त्यांना त्या दिवशी नातेवाईकांकडे पाठवा, निदान बाल्कनीपासून लांबच्या खोलीत दार लावून बसवा.

तयारीत सगळ्यात मोठी चूक इथेच होते, ती म्हणजे पाहुण्यांसमोर घाण नको म्हणून आदल्या दिवशी आपणच झाडू घेऊन सुकी विष्ठा झाडून काढणं. असं अजिबात करू नका. झाडूने उडते तीच धूळ धोक्याची. एकतर ते काम टीमसाठी तसंच सोडा, किंवा करायचंच असेल तर एन-९५ मास्क, ग्लव्हज घालून, आधी स्प्रेच्या बाटलीने पाणी मारून नीट भिजवायचं, दहा पंधरा मिनिटं थांबायचं आणि मग पत्र्याने किंवा जुन्या सीडी-कव्हरसारख्या कडक प्लास्टिकने खरवडून पिशवीत भरायचं, पिशवीला गाठ मारायची. त्यावर ब्लीच ओतू नका, विष्ठेत अमोनिया तयार झालेला असतो आणि ब्लीचशी त्याचा वायू बनतो तो डोळ्यांना आणि घशाला लागतो. टीमकडे मास्क आहेत का हे पण बघा, नसतील तर तुम्ही चार मास्क आणून ठेवा, शंभर दीडशे रुपयांचा प्रश्न आहे आणि त्या पोरांच्या फुप्फुसांचा.

एसीच्या आउटडोअर युनिटच्या मागे, फ्लॉवर बेडमध्ये, मीटरच्या पेटीवर घरटं आहे का ते आठवडाभर आधी बघा. अंडी असतील तर उबायला साधारण अडीच आठवडे लागतात आणि पिल्लू उडायला अजून महिनाभर. पिल्लू असेल तर माझं मत स्पष्ट आहे, तेवढा कोपरा सोडून बाकीचं साफ करून घ्या आणि पिल्लू उडालं की लगेच घरटं काढून जाळी लावा. नुसत्या काड्या असतील, अंडी नसतील, तर काढून टाकायला हरकत नाही.

आधीची जाळी असेल तर हाताने ओढून बघा. नायलॉनची जाळी उन्हाने ठिसूळ होते, बोटाने ओढली की तुटते. अशी जाळी धुण्यात पैसे घालवू नका, क्लिनिंगच्या आदल्या दिवशी काढून टाका म्हणजे टीमला रेलिंग आणि बाहेरची कड मोकळी मिळेल.

शेजारी रिडेव्हलपमेंट चालू असेल तर

विलेपार्ले, चेंबूर, मुलुंड, बोरिवली, कुठेही बघा, दोन बिल्डिंगा सोडून तिसरी पाडलेली असते. तिथून येणारी धूळ साधी माती नसते, त्यात सिमेंट असतं. आणि सिमेंटवर पाणी पडलं की ते लादीला चिकटून बसतं, राखाडी पापुद्रा धरतं. त्यामुळे इथे नियम कबुतरांच्या उलटा आहे, ही धूळ आधी सुकीच काढायची, व्हॅक्युमने काढली तर उत्तम, नाहीतर मऊ ब्रशने हळू, मास्क लावून, आणि मगच पाणी. आता बाल्कनीत दोन्ही असेल, विष्ठा पण आणि सिमेंटची धूळ पण, तर जिथे विष्ठा आहे तेवढेच डाग स्प्रेने भिजवून आधी खरवडून घ्या, ते निघाल्यावर बाकीच्या भागाला व्हॅक्युम, आणि शेवटी सगळीकडे पाणी. टीमला हा क्रम आधीच सांगा, न सांगता आलेली टीम आल्या आल्या पाईप सुरू करते.

लादी कुठली आहे हे माहीत करून घ्या

स्वस्तातल्या क्लिनिंगमध्ये डाग काढायला सर्रास ॲसिड वापरलं जातं. साध्या सिरॅमिक किंवा व्हिट्रिफाइड टाइलला ते लगेच काही करत नाही, पण फटींमधलं सिमेंट खातं. कोटा आणि मार्बलला तर ते चालतच नाही, दोन्ही चुन्याचे दगड, ॲसिड पडलं की फेस येतो आणि पॉलिश कायमचं जातं. लिंबू आणि व्हिनेगर पण ॲसिडच आहे, त्यामुळे घरगुती उपाय म्हणून कोट्यावर तेही नको. तुमची लादी कुठली ते ओळखता येत नसेल तर बिल्डिंगमधल्या जुन्या माणसाला विचारा, त्यांना बिल्डरने काय टाकलं होतं ते पाठ असतं. तरीही कळलं नाही तर कुठलंही नवीन केमिकल आधी कुंडीखाली झाकल्या जाणाऱ्या कोपऱ्यात हातभर जागेवर लावून दहा मिनिटं बघायचं.

रेलिंगचं पण तसंच. वरळी, वांद्रे, वर्सोवा असं समुद्राजवळ घर असेल तर स्टीलच्या रेलिंगवर तपकिरी ठिपके येतात, हवेतल्या मिठामुळे. त्यावर ॲसिड किंवा तारेची घासणी लावली की ठिपके वाढतात. साबणाचं पाणी, मऊ कापड, मग साध्या पाण्याने धुऊन कोरडं पुसणं, एवढंच सांगा.

ॲसिड आणि ब्लीच एकत्र कधीच येता कामा नये. क्लोरीन वायू तयार होतो. टॉयलेट क्लीनरमध्ये ॲसिड असतं हे पुष्कळांना माहीत नसतं, म्हणून टीमने आणलेलं सोडून तुमच्या घरातल्या बाटल्या बाल्कनीत ठेवूच नका, सगळ्या आत, कपाटात.

कुंड्या

तीन दिवस आधी कुंड्यांना पाणी घालणं कमी करा आणि आदल्या दिवशी बंद, कोवळी रोपं सोडून. कारण साधं, ओल्या मातीने भरलेली १२ इंची कुंडी २० किलोच्या आसपास जाते, सुकी असेल तर बरीच हलकी होते आणि खालून चिखल पण गळत नाही.

हलवायच्या आधी एक फोटो काढा, कुठली कुंडी कुठल्या उन्हात होती ते परत लावताना उपयोगी पडतं, मोगरा आणि अडेनियम कडक उन्हातले, मनीप्लँट सावलीतला, हे टीमला कळणार नाही. कुंड्या कठड्यावर तात्पुरत्या सुद्धा ठेवू नका, एक मिनिट पण नाही. सगळ्या कुंड्या बाल्कनीच्या बाहेरच्या कडेला एका ठिकाणी गर्दी करून ठेवणं पण टाळा, वजन भिंतीच्या बाजूला, विखरून. खरं तर सगळ्यात चांगलं म्हणजे घरात हॉलमध्ये जुने पेपर आणि प्लास्टिक अंथरून त्यावर ठेवणं. लॉबीत, जिन्यात, उंच बिल्डिंग असेल तर रेफ्युज एरियात (आगीच्या वेळी थांबायला राखून ठेवलेल्या जागेत) ठेवायचा मोह होतो, तो टाळा, आग लागली तर तोच माणसांचा बाहेर पडायचा रस्ता आहे.

कुंडीखालच्या बशा उचला आणि पाणी ओतून द्या. डेंग्यूचा डास असल्या साचलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि उकाड्यात आठ दहा दिवसांत डास तयार होतो, पालिकेचे लोक घरी तपासायला येतात ते याच बशा बघतात. बशा घासून, उन्हात पालथ्या घाला, अंडी कडेला चिकटून राहतात म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही.

तुळशीवृंदावन तुम्ही स्वतः हलवा. बऱ्याच टीमची मुलं त्याला हात लावायला कचरतात, आणि घरातल्या आजींना पण ते दुसऱ्याने उचललेलं रुचत नाही. जड सिमेंटचं असेल आणि हलत नसेल तर मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीने झाकून, खाली सुतळीने बांधून ठेवा, केमिकलचं पाणी मुळाशी जायला नको. तेच ओव्याला, गवती चहाला, कढीपत्त्याला, म्हणजे जे तुम्ही खाता त्या सगळ्याला.

बाकीचं सामान, लाईट, एसी, गॅस

सामानाचं मी थोडक्यात सांगतो. दोरीवरचे कपडे, चिमटे, चपला, मुलांची सायकल, रद्दी, जुना कंदील, सगळं आत. जे वर्षभर हात न लावता पडून आहे ते परत बाल्कनीत आणायचंच नाही असं ठरवून बाजूला काढा. वेताच्या खुर्च्या आणि सागवानी झोपाळा मशीनने धुवायचा नाही, वेत फुगतो, फक्त ओल्या फडक्याने. झोपाळ्याचे हूक आणि कड्या मात्र साफ करताना नीट बघून घ्या, समुद्राच्या हवेने आतून गंजतात.

बाल्कनीतला प्लग बहुतेक ६ अँपियरचा असतो, त्यावर साधारण १३०० वॉटच्या वरचं मशीन लावू नये, आणि प्रेशर वॉशर त्यापेक्षा जास्त घेतात. त्यामुळे १६ अँपियरचा पॉइंट घरात कुठे आहे ते बघून ठेवा, वॉशिंग मशीनचा किंवा गीझरचा. एक्स्टेंशन जाड वायरचं हवं आणि तिचा जोड पाण्यात पडता कामा नये, खुर्चीवर ठेवायचा. ईएलसीबीचं, म्हणजे करंट गळला की सप्लाय तोडणाऱ्या स्विचचं, टेस्ट बटन आदल्या दिवशी दाबून बघा, सप्लाय पडला पाहिजे. पडला नाही तर आधी इलेक्ट्रिशियन. बाल्कनीतले स्विच आणि लाईट प्लास्टिकने झाका, चिकटपट्टी लावा, आणि तेवढ्या लायनीचा एमसीबी, म्हणजे मेन पेटीतला त्या लायनीचा स्विच, बंद ठेवा.

एसीच्या आउटडोअर युनिटचा पण एमसीबी बंद. त्याच्या मागच्या बारीक पत्र्या प्रेशरने वाकतात म्हणून त्यावर मशीनचं पाणी नको, एसीवाल्याचं सर्व्हिसिंग वेगळं करा. ड्राय बाल्कनीत महानगर गॅसचा पाईप किंवा मीटर असेल तर त्याला लागून काही टेकवायचं नाही, त्यावर चढायचं नाही, मीटरवर पाणी मारायचं नाही, हे टीमला बोट दाखवून सांगा.

छपराचे जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. त्यावर घासणं, खरवडणं, प्रेशरने पाणी मारणं, तिन्ही नको, धागे मोकळे होऊन हवेत जातात आणि ते फुप्फुसांना फार वाईट. असे पत्रे तसेच सोडा.

गच्ची असेल किंवा चाळीतली गॅलरी असेल तर

सोसायटीच्या गच्चीला कमिटीची परवानगी लागते, तुमचा फ्लॅट वरच्या मजल्यावर असला तरी. किल्ली आदल्या दिवशी घ्या. पाण्याच्या टाक्यांची झाकणं बंद आहेत का ते स्वतः वर जाऊन बघा, केमिकलचा एक शिंतोडा टाकीत गेला तर अख्ख्या बिल्डिंगचं पाणी जातं. डिशच्या आणि इंटरनेटच्या वायरी उचलून बांधा. चायना मोझॅकच्या, म्हणजे लाद्यांचे तुकडे बसवलेल्या, गच्चीवर तुकडे सुटलेले असतील तर तिथे खडूने गोल करून ठेवा, त्या जागेवर मशीन नको. पावसाचं पाणी खाली नेणाऱ्या पाईपांची तोंडं चारही कोपऱ्यांत असतात, प्रत्येकात बालदी ओतून बघा.

चाळीत गॅलरी सगळ्यांची, त्यामुळे एकट्याने आपल्या दारापुढचं धुऊन उपयोग नसतो, पाणी शेजारच्या दारात जातं. मजल्यावरच्या सगळ्यांनी मिळून एकच दिवस ठरवा, खर्च वाटून घ्या, टोकापासून सुरुवात करून नळाच्या बाजूला संपवा. जुन्या चाळींच्या गॅलऱ्या लाकडी तुळयांवर असतात, तिथे भरपूर पाणी ओतून धुणं नकोच, ओला फडका आणि ब्रश.

त्या दिवशी

टीम आली की आधी त्यांच्याबरोबर पाच मिनिटं फिरा आणि हे सगळं दाखवा, नाहणी, उतार, ओल असलेला कोपरा, गॅस, झाकलेले स्विच. तुम्ही स्वतः हवे असता, नुसती किल्ली वॉचमनकडे ठेवून ऑफिसला जाऊ नका. कामाआधीचे फोटो काढा. काम वरून खाली व्हायला हवं, छत, पंखा, भिंती, रेलिंग, मग लादी. मशीनचा नोझल लादीपासून हातभर लांब आणि भिंतीच्या रंगावर अजिबात नाही. रेलिंगच्या फटीतून पाणी बाहेर जात असेल तर तिथे जुन्या चादरीचा बांध घाला.

कुत्रा मांजर आत, दार लावून. टीमच्या पोरांना हात धुवायला बाथरूम दाखवा, प्यायला पाणी, चहा द्या, ऑक्टोबरच्या उकाड्यात मास्क लावून दोन तास काम करणं सोपं नाही.

निघालेला कचरा कोण नेणार हे आधी ठरलेलं असू द्या. विष्ठेच्या पिशव्या गाठ मारून वेगळ्या, सुकी पानं ओल्या कचऱ्यात, फुटक्या कुंड्या आणि लाद्यांचे तुकडे म्हणजे डेब्रिज, ते रोजच्या कचरागाडीत टाकत नाहीत. पालिकेची हेल्पलाइन १९१६, तिथे विचारता येतं. नाहणीत किंवा खाली कंपाउंडच्या कोपऱ्यात कोणी ओतत नाहीये ना, याकडे लक्ष ठेवा.

ते गेल्यावर

पैसे द्यायच्या आधी तीन गोष्टी बघा. नाहणीची जाळी उचलून आत गाळ बसला नाही ना, कारण घासलेली सगळी माती तिथेच जाते. लादीवर अनवाणी चालून बघा, चिकट लागली तर साबण राहिलाय, परत धुऊन घ्या, नाहीतर पहिल्या पावसाला कोणीतरी घसरेल. आणि कोपऱ्यात, रेलिंगच्या खालच्या पट्टीत बोट फिरवून बघा, तिथेच काम उरकलेलं असतं.

कुंड्या लगेच परत आणू नका, लादी आणि फटी पूर्ण सुकू द्या, पंखा लावून एक दिवस तरी. परत ठेवताना कुंडीखाली स्टँड किंवा विटेचे तुकडे द्या म्हणजे खाली हवा राहते आणि काळी वर्तुळं पडत नाहीत. स्विचवरचं प्लास्टिक काढायच्या आधी हात कोरडे, आणि एमसीबी चालू करायच्या आधी पेटीत पाणी गेलं नाही ना बघा. संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्यांना फोन करून छताला नवीन ओल आली का विचारा, आली असेल तर लगेच फोटो मागवा आणि प्लंबरला दाखवा, महिन्याभराने बघायला गेलात तर कारण सापडत नाही. जाळी लावायची असेल तर जाळीवाल्याची तारीख क्लिनिंगच्या दुसऱ्याच दिवसाची घ्या, साफ झालेली कोरडी कड दिसली की कबुतरं एक दोन दिवसांतच परत काड्या आणायला लागतात.